पेटले की पेटवले?

शाळेत आपण सगळ्यांनी एक प्रश्न घोकलेला आहे : पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. उत्तरही ठरलेले. साम्राज्यवाद, लष्करवाद, आक्रमक राष्ट्रवाद, गुप्त करारांचे जाळे. मग 'तात्कालिक कारण' म्हणून साराजेव्होतला खून, आणि शेवटी 'अशा रीतीने युरोपात युद्धाचा वणवा पेटला'. पाच गुण.

या उत्तरातले प्रत्येक कलम खरे आहे. त्यात माणूस मात्र एकही नाही. गावात कडब्याची गंजी पेटली तर लोक उन्हाळा, वारा, वाळलेला कडबा यांची चर्चा नंतर करतात. आधी विचारतात, पेटवली कोणी? सुमारे एक कोटी सैनिक ज्यात मेले त्या युद्धाबद्दल मात्र आपण पेटले, भडकले, उसळले अशी क्रियापदे वापरून मोकळे होतो. ही नुसती भाषेची ढिलाई नाही. या क्रियापदांच्या आड काही ठरावीक लोक शंभराहून जास्त वर्षे निवांत बसले आहेत.

कारणांच्या यादीतली 'करारांचे जाळे' ही माझी सर्वांत नावडती ओळ. करारांनी देशांना एकामागून एक खेचत नेले, असे म्हणतात. मग इटलीला का नाही खेचले? जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी तिचा करार होता. 1914 मध्ये ती तटस्थ राहिली आणि मे 1915 मध्ये चक्क समोरच्या बाजूने लढायला उतरली. रुमानियाचाही या गटाशी गुप्त करार होता. तोही घरी बसला. साम्राज्यवाद, लष्करवाद वगैरे सगळे 1905 च्या मोरोक्को पेचात होते, 1911 च्या दुसऱ्या पेचात होते, 1912-13 च्या बाल्कन युद्धांतही होते. तेव्हा महायुद्ध झाले नाही. 1913 मध्ये तर जर्मनीनेच ऑस्ट्रियाला आवरले होते. कडबा तोच होता. 1914 मध्ये काडी ओढली गेली.

ती कोणी ओढली याच्या तारखा उपलब्ध आहेत. खून 28 जूनचा. 5 जुलैला पोट्सडामच्या राजवाड्यात ऑस्ट्रियाचा राजदूत कैसर विल्हेल्मबरोबर जेवला आणि सर्बियाविरुद्ध काहीही केलेत तरी आम्ही पाठीशी आहोत, असा कोरा चेक घेऊन परतला. चान्सलर बेथमान-होलवेगने दुसऱ्या दिवशी त्यावर शिक्कामोर्तब केले. कैसर नॉर्वेच्या बाजूला जहाजाच्या सहलीवर निघून गेला. 7 जुलैला व्हिएन्नात मंत्र्यांची बैठक झाली. सर्बियाकडे अशा मागण्या करायच्या की त्या फेटाळल्या जातीलच, यावर सगळ्यांचे एकमत; अपवाद फक्त हंगेरीचा पंतप्रधान इस्तवान तिसा. आठवड्याभरात तोही वळला. खलिता तयार होता तरी तो द्यायला मुद्दाम 23 जुलै उजाडू दिला, कारण तोवर फ्रान्सचे अध्यक्ष पॉँकारे रशियाच्या भेटीवर होते आणि ते तिथून निघाल्यावरच तो पोहोचायला हवा होता. वणवा म्हणे! वणवा पाहुणे जाईपर्यंत थांबत नाही.

सर्बियाने जवळजवळ सगळे मान्य केले. 28 जुलैला ते उत्तर वाचून खुद्द कैसरने समासात लिहिले की आता युद्धाचे कारणच उरले नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. म्हाताऱ्या सम्राट फ्रान्झ योझेफची सही मिळवताना परराष्ट्रमंत्री बेर्खटोल्डने सर्बियाने आधीच गोळीबार केल्याचे सांगितले होते. त्या बातमीला दुजोरा मिळाला नाही, तेव्हा त्याने तो उल्लेख जाहीरनाम्यातून काढला. जाहीरनामा तेवढा ठेवला.

याचा अर्थ रशिया धुतल्या तांदळासारखा असा नव्हे. सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख 'आपिस' याचेही हात खुन्यांना शस्त्रे पुरवण्यात होते. 29 जुलैला झारने सर्वंकष सैन्यसज्जतेचा हुकूम दिला आणि कैसरची तार आल्यावर त्याच संध्याकाळी मागे घेतला. 30 तारखेला परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याचे मन वळवून तो पुन्हा मिळवला. तेव्हा सरसेनानी-कार्यालयाचा प्रमुख यानुश्केविच म्हणाला होता की आता मी माझा टेलिफोन फोडून टाकतो, म्हणजे हुकूम फिरवायला कोणी मला गाठू शकणार नाही. हुकूम फिरवता येतो हे त्याला पक्के ठाऊक होते; म्हणून तर फोनची भीती.

1 ऑगस्टला तोच प्रकार बर्लिनमध्ये. ब्रिटन कदाचित बाहेर राहील अशा आशेने कैसरने सेनापती मोल्टकेला सांगितले की सगळे सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके म्हणाला, अशक्य. रेल्वेचे वेळापत्रक ठरलेले आहे. यावरून 'वेळापत्रकाने युद्ध लादले' असा एक सिद्धांतही निघाला, आणि तो ए. जे. पी. टेलर यांच्यासारख्या इतिहासकाराने मांडला. पण जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागाचे माजी प्रमुख फॉन श्टाब्स यांनी पुढे स्वतः पुस्तक लिहून दाखवून दिले की सैन्य वळवता आले असते. गाड्या निर्दोष सुटल्या.

2012 मध्ये क्रिस्टोफर क्लार्क यांचे 'द स्लीपवॉकर्स' आले आणि 'झोपेत चालणारे' ही उपमा सगळीकडे रुळली. पुस्तक उत्तम आहे, त्यात निर्णय घेणारी माणसेही भरपूर भेटतात. पण लोकांनी वाचले ते शीर्षक. झोपेत चालणारा माणूस फोन फोडायच्या गोष्टी करत नाही, की पाहुणे जाण्याची वाट पाहत नाही.

परिणामांच्या प्रश्नातही हीच खोड. 'व्हर्सायच्या अपमानास्पद तहामुळे हिटलरचा उदय झाला.' पुन्हा उदय, जणू सूर्यच. 1871 मध्ये प्रशियाने त्याच व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची द्वाही फिरवली, फ्रान्सवर 5 अब्ज फ्रँकचा दंड बसवला, अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग तोडून घेतला. फ्रान्सने दंड 1873 पर्यंत फेडला आणि तिथे हिटलर निपजला नाही. मार्च 1918 मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला जर्मनीने रशियाकडून जे ओरबाडले त्यापुढे व्हर्साय सौम्य वाटावा. तहानंतर नऊ वर्षांनी, 1928 च्या निवडणुकीत नाझींना 2.6 टक्के मते होती. महामंदी आल्यावर ती फुगली. पण नोव्हेंबर 1932 मध्ये ती 33 टक्क्यांवर उतरू लागली होती आणि युद्धदंड तर त्याच वर्षी लोझानच्या परिषदेत जवळपास निकालात निघाला होता. अशा वेळी पापेन आणि त्याच्या मित्रांनी म्हाताऱ्या हिंडेनबुर्गला पटवले आणि 30 जानेवारी 1933 ला हिटलरला खुर्चीवर बसवले. आपण त्याला कह्यात ठेवू, असा त्यांचा हिशेब होता. तहाने राग दिला हे कबूल. किल्ल्या मात्र माणसांनी दिल्या.

आता आपल्याकडे. 4 ऑगस्ट 1914 ला हिंदुस्थान युद्धात 'ओढला गेला', असे आपण लिहितो. ओढणारा होता व्हाइसरॉय हार्डिंग, आणि त्याने एकाही हिंदी माणसाला विचारले नाही. 10 लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले, 70 हजारांहून अधिक मेले. मेसोपोटेमियात उतरलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते, आणि तीत मराठा पलटणी होत्या. बसरा आणि तेलवाहिनी सांभाळण्यासाठी गेलेल्या या फौजेला बगदादच्या मोहात पुढे रेटले. सेनापती टाऊनशेंडला स्वतःला ही चढाई धोक्याची वाटत होती. वरच्यांनी आणि हार्डिंगने ती मंजूर केली. टेसिफॉनला मार खाऊन फौज कूतला परतली, तिथे वेढ्यात अडकली, आणि 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार लोक शरण गेले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले. वाटेत आणि छावण्यांत ते हजारोंनी मेले. टाऊनशेंडने कैद इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात काढली. चौकशी आयोगाने 1917 मध्ये हार्डिंगवरही ठपका ठेवला. त्याने राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही, आणि 1920 मध्ये तो पॅरिसला ब्रिटनचा राजदूत म्हणून रुजू झाला.

सातारा, रत्नागिरीकडच्या काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत अजून एक संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, बहुतेक पाट्यांवर नावे नाहीत. 'गेले', 'दिले'. वारीला गेल्यासारखे.

10 जून 1918 ला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली होती. आणखी माणसे हवी होती. टिळकांना बोलायला उभे केले. मंडालेहून सुटून आल्यावर 1914 मध्ये त्यांनीच सरकारला पाठिंबा जाहीर केला होता, तेव्हा त्यांना राजद्रोही म्हणायचीही सोय नव्हती. देशाचे रक्षण लोकांनी करायचे असेल तर कारभारातही त्यांना हक्क हवा, या मुद्द्याकडे ते वळताच विलिंग्डनने त्यांना अडवले : राजकीय चर्चा नको. टिळक सभा सोडून निघाले, त्यांच्यामागे आणखी काही जण. भरती सुरूच राहिली.