अहवाल 'नॉर्मल' आला, मग गोळी कशासाठी?

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला की आपली नजर आधी कुठे जाते? ठळक छापलेल्या आकड्यांकडे. त्यात एखादा आकडा ठळक दिसला की छातीत धस्स होते आणि सगळे साध्या अक्षरांत असले की आपण हुश्श करतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या कित्येक स्त्रिया नेमक्या या हुश्शपाशी फसतात. आकडा जागेवर आला म्हणजे आजार गेला, असे समजून त्या गोळी बंद करतात.

पण आकडा जागेवर आला तो गोळीमुळे! चष्मा लावल्यावर अक्षरे स्वच्छ दिसतात, म्हणून कुणी चष्मा फेकून देते का? थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा आजार बहुतेकींच्या बाबतीत कायमचा असतो. बाळंतपणानंतर होणारा त्रास काही वेळा तात्पुरता असतो, पण तो तात्पुरता आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. शिवाय गोळीतले थायरॉक्सिन शरीरातून सावकाश उतरते. निम्मे कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि आपला निर्णय बरोबर होता असे वाटू लागते. महिना-दोन महिन्यांनी थकवा, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव हे सारे परत येते, तेव्हा दोष मात्र घरकामाला किंवा वयाला दिला जातो.

अहवालातला टीएसएच हा आकडा अनेकांना उलटा वाटतो. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी थायरॉइडला कामाला लावण्यासाठी जी हाक मारते, तो टीएसएच. काम होत नसेल तर हाक मोठी, काम जास्त होत असेल तर हाक अगदी बारीक. म्हणून आकडा वाढला तर औषध कमी पडते आहे आणि फार खाली गेला तर औषध जास्त होते आहे, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ. बहुतेक प्रयोगशाळा 0.4 ते 4 च्या आसपासची मर्यादा छापतात. वजन उतरावे म्हणून मनानेच गोळी वाढवणाऱ्याही असतात. त्यांना एवढेच सांगायला हवे, की जादा डोस बरेच दिवस चालला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात.

डोस बदलल्यानंतर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त देणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

आता आकडा वाढलेला आला, तर लगेच डोस कमी पडतो असेही समजू नका. आधी सकाळी तुम्ही काय काय गिळता ते आठवा. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास, शक्यतो तासभर चहासुद्धा घ्यायचा नाही. पण आपल्या गृहिणींना सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन मोकळे व्हायची घाई! कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यात अडवून धरतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. कॅल्शियम जेवणानंतर घेतले की प्रश्न मिटतो. हे डॉक्टरांना न सांगता अहवाल तेवढा पुढे केला, तर विनाकारण डोस वाढवला जाईल.

केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांची गंमत तर याहून वेगळी. बायोटिनचे प्रमाण जास्त असेल तर काही तपासणी पद्धतींमध्ये टीएसएच खोटाच कमी आणि थायरॉक्सिन खोटेच जास्त दिसते. शरीरात काही बदललेले नसते, फसते ते यंत्र. तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस ती गोळी थांबवावी लागते, म्हणून ती घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगा. फ्री टी-फोर तपासायचे असेल, तर त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

जीवनसत्त्वांचे आकडे वाचताना आधी एकक पाहा. 'ड' जीवनसत्त्व काही ठिकाणी नॅनोग्रॅममध्ये तर काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये देतात. पहिल्यातले 20 म्हणजे दुसऱ्यातले 50. वीस नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता समजतात. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. वर्षानुवर्षे आपल्या मनाने ती चालू ठेवल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, सतत तहान आणि मूतखडे होऊ शकतात. बी-12 चे उलट आहे. इंजेक्शनांनंतर आकडा खूप वर गेला तरी घाबरायचे कारण नाही, पण शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी त्या आकड्यावर विसंबून उपचार सोडू नयेत.

सर्वांत जपायचे ते दिवस राहिल्यावर. 'गोळीने बाळाला अपाय होईल' या भीतीने ती बंद करणाऱ्या सुना आहेत आणि तसा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्याही आहेत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते आणि म्हणून आईचा डोस बहुधा पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. पाळी चुकली की पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. बाळंतपणानंतर डोस साधारणतः पूर्वीइतका कमी करतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात.