वस्तू राहिल्या, वापरणारे चालले

प्रति,
विश्वस्त मंडळ,
राजा दिनकर केळकर संग्रहालय, पुणे



कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल पाहायला पाहुणे येतात, येवोत. माझं पत्र अडकित्ते, वज्र्या आणि दिव्यांविषयी आहे.

दिनकर गंगाधर केळकर चष्म्यांचा व्यवसाय सांभाळत, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि १९२०च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या नादी लागले. राजे-सरदारांच्या चिजा जमवणारे पुष्कळ असतात. केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने स्वयंपाकघरातली, न्हाणीघरातली, देवघरातली चीजवस्तूही तितक्याच असोशीने गोळा केली, आणि तीही घरोघर जुनी मोड देऊन नवी भांडी घ्यायच्या काळात! सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याचं नाव संग्रहाला दिलं. १९७५ साली सगळं शासनाच्या स्वाधीन केलं.

वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच मांडता येतात, बाकीच्यांना जागा नाही. बावधनच्या नव्या वास्तूबद्दल आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. ती होईल तेव्हा होवो. एक काम मात्र तोवर थांबणार नाही.

वज्री घ्या. पितळेची, खालून खरखरीत, वर मोर नाहीतर हत्ती, काहींच्या पोटात खडे. टाच घासली की ती वाजायची. काचेआड ती वाजत नाही आणि ‘वज्री, पितळ’ एवढ्या पाटीने कुणाला ती कळायचीही नाही. दिव्यांचंही तेच. कुठल्या दिव्यात कुठलं तेल, वात किती जाड वळायची, लामणदिवा कुठे टांगायचा, घासायला चिंच की राख, हे हातांना ठाऊक असलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. वस्तू आणखी शंभर वर्षं टिकतील. ही माणसं दहासुद्धा नाही.

त्यांना बोलवा. कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या कारागिरांनाही बोलवा. गोदामातल्या वस्तू, हवं तर हातमोजे घालून, त्यांच्या हाती द्या आणि ते काय करतात, काय बोलतात ते चित्रित करा. एक कॅमेरा आणि दोन चुणचुणीत विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते, त्याला निविदा लागत नाही.

येत्या दिवाळीआधी सुरू करा. माझी आत्या नव्वदीला टेकली आहे, पण वज्री दिसली की तिचं तोंड थांबत नाही. तिला रिक्षाने आणायची जबाबदारी माझी. फक्त दुपारी बोलावू नका.

आपला,
एक पुणेकर