दोष दाखविण्याची वेळ आणि रीत

पिकातील दोष वेळीच ओळखला तर त्यावर इलाज करता येतो; हंगाम उलटल्यावर तो ध्यानात आला तर हाती केवळ हळहळ उरते. कृषि विस्ताराच्या कामासही हाच नियम लागू आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कामातील उणीव त्याला केव्हा, कोठे आणि कोणत्या शब्दांत सांगितली जाते, यावर त्या गावच्या हंगामाचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते.

सोयाबीनच्या प्रात्यक्षिकाचेच उदाहरण घ्यावे. बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी आणि बी ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू नये, हे सर्वांस ठाऊक आहे. समजा, एखाद्या गावी पाभर खोल गेली व उगवण विरळ झाली. पर्यवेक्षण करणारा अधिकारी आठ-दहा दिवसांच्या आत त्या शेतावर पोहोचला, तासातील माती उकरून बी किती खोल पडले हे त्याने मोजून दाखविले, तर नांग्या भरावयाच्या की दुबार पेरणी करावयाची, याचा निर्णय तेथेच होतो. शिवाय, पुढील पेरणीच्या वेळी पाभर कशी लावावी, हे कर्मचारी जन्मभर विसरत नाही. याउलट, तोच दोष ऑगस्टच्या आढावा बैठकीत ‘प्रात्यक्षिक असमाधानकारक’ अशा दोन शब्दांच्या शेऱ्याने सांगितला, तर शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो आणि कर्मचाऱ्यास नेमके काय चुकले हेही कळलेले नसते.

यात एक विवेक मात्र राखावा लागतो. माती उकरावयाची ती शेतकऱ्याच्या समक्ष. परंतु कर्मचाऱ्याकडून काय राहून गेले, ते त्याला बाजूस घेऊन सांगावे. ज्याच्या सल्ल्यावर गावाने उद्या विश्वास ठेवावयाचा, त्याची आज गावासमोर शोभा करणे म्हणजे आपलेच बियाणे आपण भाजून खाण्यासारखे आहे.

कडक बोलल्याखेरीज कामे होत नाहीत, असे काही अनुभवी मंडळी म्हणतात. जाणूनबुजून केलेली कुचराई आणि खोट्या नोंदी यांना कठोर शासन हवेच. परंतु माहिती वा कौशल्य अपुरे पडल्याने झालेली चूक ही निराळी गोष्ट आहे. दोहोंस एकच चाबूक वापरला की चूक कमी होत नाही. ती लपविली जाते. मग अहवालात सारे काही ‘समाधानकारक’ दिसू लागते.

हे लपविणे किती महाग पडते, ते कीड सर्वेक्षणात दिसते. राज्यात २००९ पासून पिकांवरील कीड-रोगांचे सर्वेक्षण करून सल्ला देण्याचा प्रकल्प राबविला जात आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले, म्हणजे उपाययोजनेची वेळ आली असे समजतात. सापळा पाहावयाचे राहून गेले, हे सांगण्याचे भय वाटून कोणी अंदाजाने आकडा भरला, तर इशारा उशिरा जातो आणि त्या एका भयाची किंमत परिसरातील कपाशी मोजते.

दोष ऐकून घेणे हे दोष दाखविण्याहून अवघड आहे, आणि तेथे वरिष्ठांचीच कसोटी लागते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७० नंतरच्या दशकात आपल्याकडे आलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीत शास्त्रज्ञांचा संदेश खाली जावा, तद्वतच शेतकऱ्याची अडचण वर यावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात खाली जाणारी वाट रुळली. वर येणारी मात्र बहुधा गवताने झाकली गेली. भातावरील किडींच्या संदर्भात १९८९ मध्ये इंडोनेशियात सुरू झालेल्या शेतीशाळांनी निराळा मार्ग दाखविला. तेथे शेतकऱ्यांचा गट स्वतः पीक पाहतो, निरीक्षण मांडतो आणि इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. सर्वांची दृष्टी पिकाकडे असल्यामुळे प्रश्न कोणास अपमानकारक वाटत नाही.

माती परीक्षणाचा अहवाल वाचून कोणी मातीवर रागावत नाही. सेंद्रिय कर्ब कमी आढळला तर शेणखताची तजवीज करतो. ‘साहेब, ही शिफारस आमच्या हलक्या जमिनीत लागू पडली नाही,’ असे कोणी शेतकरी म्हणाला, किंवा उद्दिष्ट ऐन पेरणीत आल्याने काम घाईत उरकावे लागले, असे कर्मचाऱ्याने सांगितले, तर तेही त्याच वृत्तीने घ्यावयास हवे. मध्येच समर्थन न करता पूर्ण ऐकावे, कोणते शेत व कोणती तारीख हे विचारावे आणि पुढे काय केले ते सांगणाऱ्यास कळवावे. ज्याचे म्हणणे एकदा वाया गेले, तो दुसऱ्यांदा बोलत नाही.

यास्तव प्रत्येक तपासणी टिपणीत तीन नोंदी अवश्य असाव्यात: कोणती दुरुस्ती सुचविली व ती कोणत्या तारखेपर्यंत व्हावयाची, मागील दुरुस्तीचे काय झाले, आणि शेतकऱ्याने वा कर्मचाऱ्याने अधिकाऱ्यास काय सुचविले. यांपैकी तिसरी नोंद महिनोन् महिने कोरी राहात असेल, तर त्या तालुक्यात सर्व काही ठीक आहे असे न समजता, तेथे कोणी बोलत नाही असेच समजावे.