हातावरचे पोट आणि हातावरचे घड्याळ

रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाविषयी 'त्याचे पोट हातावर आहे' असे आपण सहज बोलून जातो. अँड्र्यू निकोल या लेखक-दिग्दर्शकाच्या 'इन टाइम' (२०११) या इंग्रजी चित्रपटात हा वाक्प्रचार अक्षरशः खरा झाला आहे. काळ सन २१६९ चा. पंचविसाव्या वर्षी प्रत्येकाचे वय थांबते आणि हातावर हिरव्या आकड्यांचे घड्याळ चालू होते. शिल्लक फक्त एक वर्ष. पुढचे आयुष्य ज्याचे त्याने कमवायचे. पगार वेळात, घरभाडे वेळात, कॉफीचा पेला चार मिनिटांना. आकडे शून्यावर आले की माणूस उभ्या जागी कोसळतो. श्रीमंतांच्या हातावर मात्र शतके जमा असतात.

हे घड्याळ प्रथम कोणी बसवले, याचा खुलासा चित्रपट करीत नाही. त्यावरून चेष्टा करणारे करोत. मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटतो. पैशाची चार कार्ये आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पाठ करतो: विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन, मूल्यसंचय आणि विलंबित देण्यांचे मान. यांतले तिसरे कार्य, मूल्यसंचय, गरिबाच्या बाबतीत बहुधा कागदावरच राहते. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडले की, मजुराला जगता यावे आणि त्याची जात टिकावी इतकी ती श्रमाची नैसर्गिक किंमत. यालाच आपण वेतनाचा निर्वाह सिद्धांत म्हणतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवून विसरतो. चित्रपटातला कामगार विल सॅलस तो विसरू शकत नाही, कारण तो त्याच्या कातडीखाली चालू आहे. आज राबावे ते उद्या सकाळी जागे होता यावे म्हणून.

सगळ्या चित्रपटात मला खरा वाटला तो बसचा प्रसंग. विलची आई कर्ज फेडून निघते तेव्हा तिच्या हातावर दीड तास उरलेला असतो. बसचे भाडे एक तास, म्हणजे घरी पोचायला हरकत नाही. पण बसमध्ये चढल्यावर कळते की भाडे दोन तास झाले आहे. चालत गेले तर दोन तासांची वाट. ड्रायव्हर तिला पळायला सांगतो. ती पळते, मुलगाही समोरून धावत येतो आणि अवघ्या काही क्षणांनी चुकामूक होते. तिला कोणी मारले? ड्रायव्हरने नाही, सावकारानेही नाही. कोणत्यातरी कार्यालयात कोणीतरी एक आकडा बदलला, एवढेच. भाडेवाढीची बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. काहींच्या घरी मात्र त्या दिवशी भाजी येत नाही.

इथे एक तक्रार नोंदवतो. ही आई पन्नाशीची, पण दिसते पंचविशीची. गोष्टीच्या नियमाने ते बरोबर आहे, पण त्यामुळे दारिद्र्याची एक मोठी खूणच नाहीशी होते. गरिबी माणसाला अकाली म्हातारी करते. इथे झोपडवस्तीतही सगळे तुकतुकीत. हॉलिवुडची सोय झाली, दुसरे काय!

वेळ हेच चलन करणे मुळात वाईट, असेही मी म्हणणार नाही. रॉबर्ट ओवेनने १८३२ साली लंडनमध्ये श्रम-विनिमय केंद्र काढले होते. तेथे कारागिरांनी आणलेल्या मालावर लागलेल्या श्रमाचे तास मोजून, तासांत छापलेल्या नोटा देत असत. त्यांवर तितक्याच श्रमाचा दुसरा माल घ्यायचा. प्रयोग १८३४ मध्ये बंद पडला, पण हेतू असा की श्रमणाऱ्याचा तास श्रमणाऱ्यालाच परत मिळावा. निकोलच्या जगातही एकक तासच आहे. फरक असा की मजुरी ठरवणारा आणि कॉफीचा भाव ठरवणारा वर्ग एकच आहे. हातावर शतकाहून अधिक आयुष्य असलेला हॅमिल्टन हे विलला स्पष्ट सांगतो: मूठभरांनी अमर व्हायचे तर बाकीच्यांना मरत ठेवावे लागते, आणि भाव वाढतात ते त्यासाठीच.

म्हणूनच उत्तरार्ध मला पटला नाही. विल आणि सावकाराची मुलगी सिल्व्हिया बँका फोडून वेळ वाटत सुटतात. वस्तीत वेळ आला की वस्तीतले भाव चढवले जातात, हे चित्रपट स्वतःच दाखवतो! चलन वाढले, माल तितकाच आणि भाव ठरवणारे हातही तेच. मग दहा लाख वर्षांची कुपी पळवून लोकांत वाटली जाते, कारखाने ओस पडतात, माणसे सीमा ओलांडून श्रीमंतांच्या विभागाकडे चालू लागतात आणि नायक-नायिका आणखी मोठी बँक फोडायला निघतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी बसचे भाडे किती झाले आणि ते ठरवायला आता कोण बसले आहे, हा प्रश्न निकोलने स्वतःच बसच्या दारात उभा केला होता. त्यावर त्याने एक दृश्यही खर्च केलेले नाही.