स्वस्त कोणासाठी?



गेल्या अंकातील पत्रात मल्टिप्लेक्सच्या मासिक पासची भलामण वाचली. २०२३मधल्या दराने महिन्याला ६९९ रुपयांत १० चित्रपट, म्हणजे एक चित्रपट ७० रुपयांना, हा पत्रलेखकांचा हिशेब दहाही चित्रपट पाहणाऱ्यापुरताच खरा आहे. पीव्हीआर आयनॉक्सने ऑक्टोबर २०२३मध्ये हा ‘पासपोर्ट’ आणला तो अटींसह: फक्त सोमवार ते गुरुवार, आयमॅक्स वगळून, किमान तीन महिन्यांची वर्गणी. कर्जत लोकलने रात्री घरी पोहोचणाऱ्या नोकरदाराने यातले किती खेळ गाठायचे? निवृत्तांना, विद्यार्थ्यांना तो परवडेल, हे मान्य. पण घरातल्या सर्वांना घेऊन जायचे ते रविवारीच, आणि तेव्हा हा पास उपयोगाचा नाही.

अशीच योजना अमेरिकेतही होती: मूव्हीपास या कंपनीने ऑगस्ट २०१७मध्ये महिना ९.९५ डॉलरला रोज एक चित्रपट देऊ केला. लोक खरोखरच येऊ लागले आणि जानेवारी २०२०मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अशा योजना न येणाऱ्यांच्या पैशांवर चालतात, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

वाचकांना कळकळीची विनंती: पैसे भरण्यापूर्वी, गेल्या तीन महिन्यांत सोमवार ते गुरुवार आपण किती चित्रपट पाहिले ते मोजा. महिन्याला चारही भरत नसतील, तर सुटे तिकीटच काढा.

– एक चित्रपटप्रेमी, बदलापूर