उमेदवारीची जबाबदारी आता आपली

गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी करू इच्छिणाऱ्यांसाठी सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये अटी बऱ्याच सैल केल्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव लागत असे. आता पदवी पुरते. अनुभवाची अट उरलेली नाही. व्यक्तिगत सल्लागाराला पाच लाखांची नक्त मालमत्ता दाखवावी लागे, तिच्या जागी ठेव आली. १५० ग्राहकांपर्यंत ती एक लाख रुपये आहे. एनआयएसएमच्या एक्स-ए आणि एक्स-बी या दोन परीक्षा मात्र कायम आहेत.

या बदलाचे आम्ही स्वागत करतो. जाचक अटींमुळे होतकरू तरुण बाहेर राहत होते आणि सामान्य गुंतवणूकदार व्हॉट्सअॅपवरच्या टिप्सच्या तावडीत सापडत होता. पण अनुभवाची अट नियमातून गेली, म्हणून कामातली तिची गरज संपत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे पगारपत्रक समोर ठेवा. पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता, विम्याचे दोन-तीन हप्ते, गृहकर्ज. परीक्षेत पहिला आलेला मुलगाही लगेच एसआयपीची रक्कम काढायला बसेल. मुरलेला नियोजक आधी विचारेल, नेमणूक कधीची? १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची की नंतरची, यावर निवृत्तिवेतनाचे सारे गणित अवलंबून असते. पुढचा प्रश्न, पतसंस्थेत कोणाला जामीन राहिलात का? ते कर्ज पगारपत्रकावर दिसत नाही, आणि मूळ कर्जदाराने हप्ते थकवले की वसुली जामीनदाराकडे येते. असे प्रश्न ग्राहकासमोर बसूनच सुचू लागतात.

सीएफपी या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि नीतिमत्ता या चारही कसोट्या आजही लागू आहेत, त्या याच कारणाने. नोंदणीसाठी ते सक्तीचे नाही; तरी नव्यांनी ते मिळवावे, असा आमचा आग्रह आहे.

ज्येष्ठांना मात्र वेगळे सांगायचे आहे. आपल्या कार्यालयात एक तरी उमेदवार घ्या. त्याला योग्य मानधन द्या, ग्राहकाच्या संमतीने बैठकीत बसवा, त्याने केलेला आराखडा ओळ न् ओळ तपासा. विक्रीचे लक्ष्य त्याच्या गळ्यात बांधू नका. नियमाने सोडलेली ही जागा आपणच भरायची आहे.