मात्रा सहा मिनिटांची

सगळे रिपोर्ट नॉर्मल. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, एमआरआयचेही पैसे भरून झाले. सापडलं काहीच नाही. इकडे मान, खांदे, कंबर, मांड्या महिनोन् महिने ठणकताहेत. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी कुटून काढल्यासारखं अंग. अशा बाईला (पुरुषांनाही हा त्रास होतो, पण बायकांमध्ये जास्त आढळतो) घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत’. डॉक्टर म्हणतात, ‘व्यायाम करा’. पुढचा पेशंट आत आलेला असतो.

या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया. यात स्नायूला इजा झालेली नसते. मज्जारज्जू आणि मेंदूतली वेदनेची यंत्रणाच हळवी होऊन बसते. मांजर बॉनेटवर चढलं तरी सोसायटीभर बोंब मारणाऱ्या गाडीच्या अलार्मसारखी. गाडीला काही झालेलं नसतं, पण आवाज खराच असतो.

हे शहरी चोचले नव्हेत. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे-स्नायूंचं दुखणं सांगितलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याला संधिवाताचं ठरावीक नाव देता आलं नाही.

उपाय काय? युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘यूलार’ या संघटनेने २०१६ साली उपलब्ध संशोधन चाळून फायब्रोमायल्जियासाठी शिफारशी केल्या. ठाम शिफारस एकाच गोष्टीला मिळाली, ती व्यायामाला. काही गोळ्यांच्या वाट्याला दुबळा होकार आला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं: अशा दीर्घकालीन वेदनेत टेन्स आणि आयएफटी ही करंट देणारी यंत्रं आणि अल्ट्रासाउंड वापरू नका, त्यांच्या उपयोगाचा पुरावा नाही.

आणि आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ती हीच यंत्रं! ‘दहा दिवस शेक आणि करंट घेतला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पडद्याआड कॉटवर पालथं पडायचं, पॅड लावून घ्यायचे, टायमर वाजला की पैसे देऊन निघायचं. दोष एकट्या फिजिओथेरपिस्टचा नाही. यंत्राच्या सिटिंगला दर असतो; शेजारी बसून पेशंटचा दिवस समजून घेण्याला कुणी दर लावलेला नाही. पेशंटलाही काहीतरी ‘लावलं’ की बरं वाटतं.

पण ‘रोज पाऊण तास चाला’ हा सल्लाही तितकाच आंधळा. अशी माणसं बऱ्या दिवशी सगळं उरकायला जातात. दिवाळीआधी एका दुपारी माळा, पंखे, जाळ्या साफ होतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. मग हालचालीचीच भीती बसते. म्हणून मात्रा मोजावी लागते. दहा मिनिटं चालून दुसऱ्या दिवशी अंग धरत असेल, तर सहा मिनिटांनी सुरुवात करायची. बऱ्या दिवशीही सहा, वाईट दिवशीही जमेल तोवर सहाच. आठवड्याभराने एखादं मिनिट वाढवायचं. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल, पण त्याचा अर्थ आत काही तुटलं असा नसतो. दुखणं रेंगाळलं तर मात्रा कमी करायची, बंद करायची नाही. ताप, घटतं वजन किंवा हातापायातली ताकद जाणं असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

‘दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे. फरक इतकाच, की धुण्या-भांड्यांची मात्रा घर ठरवतं; या सहा मिनिटांची ती स्वतः.

व्यायाम कोणता, याचा फार बाऊ नको. बोस्टनमध्ये २२६ फायब्रोमायल्जिया रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संथ लयीचं चिनी ताई ची हे एरोबिक व्यायामाच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरसच ठरलं. एक नोंद जास्त बोलकी आहे: ताई चीच्या वर्गाला लोक अधिक नियमित आले. इथल्या फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत यंत्राची वायर सोडवण्याआधी एवढंच विचारावं, ‘ताई, तुम्हाला काय करायला आवडतं?’